आहेराची वही

तुमच्या घरी जुन्या लग्नातल्या आहेराची वही असेल तर ती एकदा माळ्यावरून खाली काढा. कमरीपेठेत किंवा हुबळी-धारवाडच्या कुठल्याही जुन्या वस्तीत तीन-चार पिढ्या नांदलेल्या मराठी घरात अशी वही बहुधा सापडतेच. तिचा लाल कापडी पुठ्ठा, तिच्यावरचे ‘श्री’, आतल्या रेघा, सगळे दुकानाच्या खतावणीसारखे असते. आत नावे, गावे आणि समोर आकडे: अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. कुठे आकड्याऐवजी नुसते ‘खण-नारळ’, ‘तांब्या’, ‘पितळी डबा’. दुकानाच्या वहीत जे लिहितात तेच इथेही लिहिलेले असते, म्हणजे कोणी किती दिले आणि आपल्याकडून किती जायचे आहे. तरी या वहीला कोणी ‘उधारीची वही’ म्हटले तर घरातली वडीलधारी मंडळी रागावतील. त्यांचा राग खरा आहे, आणि हिशेबही खरा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांना फार छळत होता. त्यातले काही लेखक मराठी होते, काही अमेरिकन. त्यांच्याविषयी या वर्षीच्या पुष्पात थोडे सांगायचे आहे.

आधी आपल्या गावच्या भाषेकडे पाहू. आपला ‘आहेर’ इथल्या कन्नडात ‘आयेरी’ झाला. आपण ओटी भरतो, शेजारच्या लिंगायत घरातली बाई उडी भरते. पण कन्नडाचा स्वतःचा एक शब्द या बाबतीत आपल्या सगळ्या शब्दांपेक्षा धीट आहे, तो म्हणजे ‘मुय्यी’. कार्यात दिलेली आणि पुढे तशाच कार्यात परत करायची भेट म्हणजे मुय्यी; आणि मुय्यी फेडणे म्हणजे सूड उगवणेसुद्धा. उपकार असो की अपमान, तो अंगावर ठेवायचा नाही, फेडायचा, एवढे त्या एका शब्दाने सांगून टाकले. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली दानावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्याचे सार यापेक्षा फारसे वेगळे नाही: देणे, घेणे आणि परत करणे या तिन्हींची माणसाला सक्ती असते, आणि दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचा काही अंश उरतो. पुराव्यांसाठी तो पॅसिफिक बेटांवर फिरला तसा आपल्या महाभारताच्या अनुशासनपर्वातही शिरला होता.

किंमत दिली की संबंध संपतो. दुकानदाराला पैसे दिले, तो मोकळा, तुम्ही मोकळे. उद्या दुसऱ्या दुकानात गेलात तरी तो रुसणार नाही. आहेराचे तसे नाही. आहेर लगेच फेडला तर तो अपमान ठरतो, आणि अगदी तेवढाच परत केला तर तोही थोडा कोरडेपणाच. म्हणून शंभरावर एक रुपया. शंभर हा पुरा झालेला आकडा आहे, एकशे एक हा पुढे चालू राहणारा. आणि बाजारही अगदी कोरडा नसतो. भाजीवाली तोलून झाल्यावर वर दोन मिरच्या, चार काड्या कोथिंबीर टाकते. इथल्या बाजारात त्याला ‘कोसरु’ म्हणतात. ते मागायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे असे आपण मानतो, तरी ते दिल्यावर बरे वाटते ते दानासारखे. या कोसरुकडे पुढे परत यायचे आहे.

आता अमेरिकेचे काय काम, असे तुम्ही विचाराल. ज्या काळाविषयी बोलतो आहोत त्या काळात अमेरिका धारवाडला वाटते तेवढी लांब नव्हती. १८४०च्या दशकात न्यू ऑर्लिन्सकडचे कापसाचे बी धारवाड भागातल्या काळ्या जमिनीत रुजले आणि त्या कापसाचे नावच ‘धारवाड-अमेरिकन’ पडले. १८६१ साली अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळला. ज्या युद्धाने तिकडे माणसांची विक्री थांबवली त्याच युद्धाने इकडे शेतकऱ्याला बाजाराच्या चढ-उताराला बांधून टाकले. रोख पैसा घरात आला की नात्यांचे काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे एकाच पिढीला पडला तो काही योगायोग नव्हे.

अमेरिकन कथांतली एक तरी तुमच्या घरात सगळ्यांची वाचलेली आहे. लुइझा मे अल्कॉट यांची ‘लिटल विमेन’ (१८६८), म्हणजे शांता शेळक्यांची ‘चौघीजणी’. आजारी वडिलांकडे आई निघाली आहे, पैसा कमी पडतो आहे, आणि ज्यो आपले लांबसडक केस विकून पंचवीस डॉलर आणून आईच्या हातात ठेवते, हा प्रसंग विसरणे कठीण. केस बाजारात गेले, डॉलर घरात आले आणि घरात येताच त्या डॉलरची भेट झाली. पण मला या प्रसंगात नेहमी आठवते ती केस घेणाऱ्या न्हाव्याची बायको. नवरा घासाघीस करत असताना ही बाई मध्ये पडते, त्याला सौदा करायला लावते, आणि केस कापून झाल्यावर त्यातली एक लांब बट उचलून ज्योला परत देते. हाच तो कोसरु. अल्कॉटबाईंना बाजार वाईट आणि घर चांगले असे सरधोपट सांगायचे नव्हते. न्हाव्याच्या दुकानातही त्यांना एक देणारा हात दिसला.

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ (१८५१) या कादंबरीतली हेप्झिबा तुम्हाला अधिक ओळखीची वाटेल. पडक्या वाड्यातली, थोर घराण्याचा अभिमान बाळगणारी, एकटी, वय झालेली बाई. पैसा उरला नाही म्हणून वाड्याच्या दर्शनी खोलीत तिला छोटे दुकान उघडावे लागते. पहिले गिऱ्हाईक तिच्याच घरात राहणारा तरुण. त्याला बिस्किटे देते, पण पैसे घ्यायला तिचा हात पुढे होत नाही. मग एक शाळकरी पोर येते. त्यालाही ती आल्याच्या बिस्किटाचा बाहुला फुकट देते. पोर तो फस्त करून लगेच दुसरा मागायला हजर! आता मात्र ती एक सेंट मागते. हॉथॉर्न म्हणतो की त्या तांब्याच्या नाण्याचा डाग तिच्या तळहातावरून कधी जाणार नव्हता. पण पुढे तोच लेखक हेही नोंदवतो की ते नाणे घेतल्यावर तिला कित्येक वर्षांनी बाहेरची ताजी हवा लागल्यासारखे वाटले. आपल्यातल्या किती घरांत अशी एखादी आत्या होऊन गेली असेल, जिने प्रथम शेजाऱ्यांना पापड ‘असेच’ दिले आणि एके दिवशी धीर करून शेकड्याचा भाव सांगितला. त्या दिवशी तिला लाज वाटली असेल. त्या दिवसापासून ती कोणाची मिंधीही राहिली नसेल. किंमत माणसाला मोकळे करते ही गोष्ट साहित्यात क्वचितच येते, म्हणून हॉथॉर्नचे ते एक पान मला मोलाचे वाटते.

तिसरे उदाहरण ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२). हॅरिएट बीचर स्टो यांच्या या कादंबरीत मालकावर कर्ज झाले म्हणून टॉम विकला जातो. त्याला घेऊन जाणाऱ्या गाडीला मालकाचा मुलगा जॉर्ज वाटेत गाठतो आणि चांदीचा एक डॉलर, भोक पाडून, दोऱ्यात ओवून, टॉमच्या गळ्यात बांधतो. भोक पाडलेले नाणे बाजारासाठी नसते. आपल्याकडेही पुतळ्यांच्या माळेत ओवलेली मोहर मोडायची वेळ येऊ नये अशीच प्रार्थना असते. पुढे टॉम लेग्री नावाच्या क्रूर मळेवाल्याच्या हाती पडतो. ज्या कापसाच्या बियाने आपल्या काळ्या मातीत घर केले तो कापूस त्याच मुलखात पिकत होता. हा लेग्री माणसाच्या अंगातून किती पैसा निघेल याचा हिशेब करणारा. टॉमपाशी सापडलेला तो डॉलर आणि एका मृत मुलीच्या केसांची बट त्याच्या हाती येते तेव्हा तो भेदरतो. बट आगीत टाकतो आणि डॉलर खिडकीच्या काचेतून बाहेर अंधारात भिरकावून देतो. पैशासाठी माणूस जिवे मारणाऱ्याने चांदीचे नाणे फेकून द्यावे! ते नाणे आता पैसा उरले नव्हते, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

इथून आपल्याकडे यायला एक सरळ वाट आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या सज्जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल. पुस्तक अर्पण करणे हीसुद्धा भेटच. जोतीरावांनी ही भेट बरोबर पत्त्यावर पाठवली, कारण भेट या नावाखाली काय काय चालते ते त्यांनी अठरा वर्षे आधीच लिहून ठेवले होते.

ते लिखाण म्हणजे १८५५ सालचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक. गरोदर कुणबिणीच्या दारात जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो आणि पोटातल्या मुलाच्या जिवासाठी दानधर्म, अनुष्ठान, भोजन असे एकामागून एक वसूल करतो. नवरा-बायको घरात नसलेला पैसा उभा करून ते पुरवतात. यात कोठेही किंमत नाही. सगळे दान आहे, दक्षिणा आहे, पुण्य आहे. आणि खरी मेख हीच आहे. जोशाने आपल्या कामाचा दर सांगितला असता तर कुणब्याला घासाघीस करता आली असती, दुसऱ्या जोशाकडे जाता आले असते, नको म्हणता आले असते. भाव विचारता येतो. दानाचा भाव विचारला की पाप लागते. नाटकाचा शेवट हे जोडपे रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याने होतो, म्हणजे हिशेब शिकायला, असेच म्हणा ना.

या नाटकाचे पुढे काय झाले तेही याच विषयात बसते. पेशवाईत श्रावणात पुण्याच्या रमण्यावर विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अंमल आल्यावर ती कमी झाली, त्यातला पैसा पाठशाळेकडे वळला, आणि १८४९ साली पुण्यातल्या सुधारक तरुणांनी अर्ज केला की हा पैसा मराठी ग्रंथांवर खर्च व्हावा. त्यातून दक्षिणा प्राइज कमिटी आली. पूर्वी विद्वत्तेला मिळणारे दान आता लिहिलेल्या पुस्तकाला बक्षीस म्हणून मिळू लागले. आपल्या आधुनिक मराठी गद्याचा बराचसा संसार या पैशावर उभा राहिला. जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ याच कमिटीकडे पाठवले आणि ते नाकारले गेले. दक्षिणेवर टीका करणारे नाटक दक्षिणेच्याच पैशातून छापून मिळावे ही अपेक्षा भाबडी होती की खोचक, हे ठरवणे मी तुमच्यावर सोपवतो. आजही व्याख्यात्याला आपण जे पाकीट देतो त्याला ‘मानधन’ म्हणतो, आणि शाल-श्रीफळाबरोबर देतो, ते त्याला मजुरी वाटू नये म्हणून.

पण मराठी लेखकांना बाजाराची सर्वांत जास्त बोचणी जिथे लागली ती जागा दुकान नव्हे आणि देऊळही नव्हे. ती जागा लग्नाचा मांडव. अमेरिकन कादंबरीत बाजार दुकानातून आणि गुलामांच्या लिलावातून घरात येतो. आपल्याकडे तो बोहल्यावरून आला.

१८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांचे शिक्षक होते आणि किर्लोस्कर मूळचे आपल्या शेजारच्या गुर्लहोसूरचे. तेव्हा या नाटकावर आपल्या मुलखाचाही थोडा हक्क आहे. कथा तुम्हाला माहीत आहे. पाऊणशे वर्षांचा श्रीमंत भुजंगनाथ, पैशाला हपापलेला कांचनभट, मध्ये सौदा जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि जिचा सौदा होतो ती कांचनभटाची कोवळी मुलगी शारदा. नावांतच देवलांनी अर्धे नाटक सांगून टाकले: बापाच्या नावात सोने, दलालाच्या नावात दीक्षा.

हे नाटक बाला-जरठ विवाहाविरुद्ध आहे असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खरेच आहे, पण मला त्यात याहून काटेरी गोष्ट दिसते. कांचनभट मुलगी विकतो आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मांडवात जो विधी व्हायचा आहे त्याचे नाव कन्यादान. विक्रीची पावती दानाच्या संकल्पावर लिहायची आहे. शास्त्रकारांनाही ही शंका फार पूर्वी आली होती. मनुस्मृतीने विवाहाचे आठ प्रकार सांगितले. पैसे देऊन मुलगी घेणे तो आसुर विवाह. आर्ष विवाहात वराकडून गाय-बैलाची जोडी घेत असत, आणि काही जण तिला शुल्क म्हणत. त्यावर मनुस्मृतीचा निर्णय कडक आहे: बापाने थोडे घेतले काय, पुष्कळ घेतले काय, तो विक्रयच. म्हणजे गाईच्या जोडीपासून भुजंगनाथाच्या थैलीपर्यंत वाद एकच, घेतलेली वस्तू भेट की किंमत. आपल्या शेजारी तेलुगू भाषेत गुरजाड अप्पारावांचे ‘कन्याशुल्कम्’ याच सुमारास, १८९२ मध्ये, रंगमंचावर आले, ते याच दुखण्यावर.

देवलांनी सौदा मोडला कसा, ते पाहा. मुलीच्या अश्रूंनी तो मोडला नाही, आईच्या विरोधानेही नाही; इंदिराकाकूंचे घरात कोण ऐकतो? तो मोडला सगोत्रतेच्या मुद्द्यावर. कोदंड पुढे येऊन वधूवर एकाच गोत्राचे असल्याचे उघड करतो आणि विधी थांबतो. विक्रीला अडवायला विक्रीविरुद्धचा कुठलाही नियम उपयोगी पडला नाही, दानाच्याच शास्त्रातले कलम काढावे लागले. शारदा यानंतर नदीवर जीव द्यायला जाते, कारण बाजार मोडला तरी मांडवातून परत आलेल्या मुलीला घरात जागा उरलेली नाही. कोदंड तिला वाचवतो, शंकराचार्यांची अनुमती मिळते, आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातात. मी मात्र दरवेळी नदीकाठच्या शारदेपाशीच थांबतो. न विकली गेलेली, न दिली गेलेली अशी ती तेवढ्या एका प्रवेशापुरती स्वतःची आहे, आणि त्या स्वतःचे काय करायचे हे तिला कोणी शिकवलेले नाही.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीचे नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही. ती १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. ज्योने केस विकले तेव्हा त्या केसांचे पंचवीस डॉलर आले आणि वर एक बट परत मिळाली. आपट्यांच्या यमूचे केस जबरदस्तीने उतरवले जातात. त्याला भाव नाही, त्यात भेट नाही, आणि बट कोणी ठेवत नाही.

आता थोडे कायद्याविषयी. १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपण ‘शारदा कायदा’ म्हणतो आणि पुष्कळांना तो देवलांच्या नायिकेवरून आला असे वाटते. तो अजमेरच्या हरविलास सारडांच्या नावावरून आला. गैरसमज गोड आहे, दुरुस्त करावासा वाटत नाही. पण आपल्या विषयाला अधिक जवळचा कायदा १९६१चा, हुंडाबंदीचा. शारदेच्या काळात मुलीच्या बापाने पैसा घेतला, नंतर आपल्यासारख्या घरांत मुलाच्या बापाने घ्यायला सुरुवात केली. पैशाची दिशा उलटली, दोन्ही वेळी मुलीला कोणी विचारले नाही. कायदा करणाऱ्यांपुढे कांचनभटाच्याच वेळचा पेच आला. हुंडा बंद करायचा, पण मामाने भाचीला दिलेली साडी, आत्याने दिलेली अंगठी कशी बंद करणार? शेवटी १९८४च्या दुरुस्तीने वाट काढली: न मागता दिलेली, रिवाजाला आणि ऐपतीला धरून असलेली भेट चालेल, मात्र तिची यादी ठेवावी. १९८५च्या नियमांत यादीचा नमुनाच सांगितला आहे. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, नातेवाईक असल्यास नाते, खाली वधूवरांची सही. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने.

म्हणजे सरकारने आपलीच आहेराची वही सक्तीची केली. फरक असलाच तर दोन ठिकाणी. आपल्या वहीत ‘तांब्या’ नुसता तांब्या असतो, त्याची किंमत कोणी लिहीत नाही. सरकारी यादीत ती लिहावी लागते. आणि आपल्या वहीत पुढे कधीतरी, दुसऱ्या शाईने, नावासमोर एक खूण येते, त्यांच्याकडच्या कार्यात आपण जाऊन आल्याची. सरकारी यादीला ही खूण करायची गरज नाही. ‘मागितले होते का?’ हा रकाना मात्र दोन्हीकडे नाही.

म्हणून एक विनंती आहे. कागद पिवळे पडले, नावे ओळखू येईनात, म्हणून या वह्या रद्दीत जातात. त्या रद्दीत घालू नका. विशेषतः १९६१च्या आधीच्या असतील तर घरातल्या कोणा वृद्ध बाईला शेजारी बसवून नावे वाचून दाखवा, आणि कुठल्या नावापाशी ती हसते, कुठल्या नावापाशी गप्प होते, ते समासात पेन्सिलीने लिहून ठेवा.